कामाची वाटणी करणारे विरंगुळा केंद्र

बेळगावच्या दक्षिण भागात, टिळकवाडी आणि अनगोळ यांच्या मधल्या वस्तीत, ज्येष्ठ नागरिकांच्या एका संघाने चालवलेले विरंगुळा केंद्र आहे. माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, गेल्या उन्हाळ्यापासून तेथे जातात. सुरुवातीला त्यांना सोडण्या-आणण्याच्या निमित्ताने आणि पुढे तेथे बसावेसे वाटू लागले म्हणून मीही या केंद्रात बराच वेळ घालवला आहे. मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. त्यामुळे वृद्धांच्या करमणुकीसाठी काय काय ठेवले आहे यापेक्षा, त्या करमणुकीने त्यांच्या मनाचे काय होते, याकडे माझे लक्ष अधिक जाते. ज्यांच्या घरी असे कोणी आहे आणि जे अशा जागेच्या शोधात आहेत, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे. केंद्राचे नाव देत नाही, कारण सभासद मोजके आहेत आणि पुढे येणाऱ्या तपशिलांवरून माणसे ओळखू येतील.

केंद्र म्हणजे एका जुन्या कौलारू घराचा पुढचा भाग आहे. एक मोठी खोली, तिला लागून एक लहान खोली, मागे न्हाणीघर आणि समोर आंब्याच्या सावलीतले अंगण. सकाळी १० ते १ आणि दुपारी ४ ते ६.३० अशी वेळ असून रविवारी सुट्टी असते. वर्गणी महिन्याला १०० रुपये आहे आणि चहाचे पैसे त्यातच धरलेले असतात. ज्यांना तेवढेही जमत नाही त्यांच्याकडून ती घेतली जात नाही, आणि कोण देतो, कोण देत नाही, हे खजिनदाराखेरीज कोणालाही कळत नाही. वर्तमानपत्रे, कॅरम, बुद्धिबळ, पत्ते, पेटी, तबला, टाळ आणि दोन कपाटे भरून पुस्तके एवढी सामग्री आहे. टीव्ही मात्र नाही. एका सभासदाच्या मुलाने टीव्ही देऊ केला होता, तेव्हा सभासदांनी बैठक घेऊन तो नाकारला. टीव्ही आला की सगळ्या खुर्च्या त्याच्याकडे वळतील आणि माणसे एकमेकांशी बोलायची थांबतील, असे त्यांचे म्हणणे होते. मला हा निर्णय अतिशय योग्य वाटतो.

या केंद्राचे खरे बळ कशात आहे ते आता सांगते. येथे प्रत्येक सभासदाकडे एक काम असते. कोणी वर्तमानपत्रे सुतळीने ओवून ठेवतो, कोणी चहाचा हिशेब लिहितो, कोणी अंगणातल्या कुंड्यांना पाणी घालतो, तर कोणी पेटीवरची खोळ धुऊन आणतो. कामे लहान आहेत, पण ती खरी आहेत. ज्याचे काम आहे तो आला नाही तर ते राहून जाते आणि सगळ्यांच्या लक्षात येते. नवीन माणसाला पहिल्याच आठवड्यात विचारले जाते की तुम्हांला काय करायला आवडेल, आणि त्याने स्वतः निवडल्याशिवाय त्याच्यावर काहीही लादले जात नाही.

आत्यांनी वाचनाचे काम घेतले. ज्यांना मोतीबिंदूमुळे किंवा मधुमेहामुळे बारीक अक्षर दिसत नाही, अशा चार-पाच जणांना त्या रोज सकाळी वर्तमानपत्र वाचून दाखवतात. मामंजी गेल्यानंतर घरात त्यांच्या हाती कोणतेच काम उरले नव्हते. भाजी निवडायला घेतली की सुना ती काढून घेत, देवपूजेचे तबक नातू आणून देई, आणि हे सगळे प्रेमाने होत असल्यामुळे त्यांना तक्रारही करता येत नसे. घरोघरी असेच चाललेले असते. केंद्रात मात्र त्या पावणेदहालाच पोचतात, चष्मा पदराने पुसतात, पाने चाळून काय वाचायचे ते ठरवतात आणि निधनवार्ता शेवटी वाचतात. एका काकांना त्याच आधी हव्या असतात. आत्या त्यांना दररोज तेच उत्तर देतात की आधी पाऊसपाणी, मग गावातल्या बातम्या, मग ते. हा नियम त्यांनी स्वतः केला आहे आणि त्या तो मोडत नाहीत. गेले वर्षभर घरात ज्यांचा आवाज ऐकू येत नव्हता, त्यांना असे ठामपणे बोलताना ऐकणे आमच्यासाठी फार मोलाचे होते.

१९७६ साली एलेन लँगर आणि जुडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या एका वृद्धाश्रमात केलेला प्रयोग मी विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवते. एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगितले गेले की तुमच्या खोलीची मांडणी, तुमचा वेळ आणि तुम्ही निवडलेले रोपटे यांची काळजी तुम्हीच घ्यायची आहे. दुसऱ्या मजल्यावरच्यांनाही रोपटी दिली गेली, पण त्यांची निगा परिचारिका राखतील असे सांगितले गेले. तीन आठवड्यांनी पाहिले तेव्हा पहिल्या मजल्यावरची माणसे अधिक उत्साही, अधिक सजग आणि अधिक आनंदी असल्याचे आढळले. दोन्हीकडे रोपटी सारखीच होती. फरक होता तो निवड आणि जबाबदारी कोणाकडे आहे याचा. या केंद्राच्या चालकांना हा प्रयोग ठाऊक असण्याचे कारण नाही, परंतु त्यांनी अनुभवाने तीच गोष्ट ओळखली आहे. म्हणूनच, कितीही गुळगुळीत फरशी आणि कितीही मोठा पडदा असलेल्या केंद्रापेक्षा मी हे केंद्र वरचे मानते.

खेळांबद्दल थोडे अधिक लिहायला हवे. दुपारच्या वेळी लहान खोलीत बायकांचा चौकाबारा रंगतो. शहाबादी फरशीवर खडूने २५ घरांचा पट आखला जातो, घरातून आणलेल्या कवड्या डब्यातून निघतात आणि सोंगट्या म्हणून फुटक्या काकणांचे तुकडे वापरतात. हिरवे कोणाचे आणि लाल कोणाचे हे वर्षानुवर्षे ठरलेले असावे इतक्या सहजतेने ते वाटले जातात. गुडघ्यांमुळे खाली बसता न येणाऱ्यांसाठी एका काकूंनी जुन्या पाटावर तैलरंगाने तोच पट रंगवून आणला आहे. तो पाट टेबलावर ठेवला की खुर्चीत बसून खेळता येते. हातात कवड्या खुळखुळत असताना त्या एकमेकींशी ज्या गोष्टी बोलतात, त्या समोरासमोर बसवून विचारल्या असत्या तर कधीच बोलल्या नसत्या. सुनेशी झालेला वाद, रात्री न येणारी झोप, पुण्याला किंवा बंगळूरला असलेल्या मुलाचा न आलेला फोन, हे सगळे एका दानाच्या आणि पुढच्या दानाच्या मधे सांगून होते. कोणी सल्ला देत नाही. बहुधा दुसरी म्हणते, ‘अक्का, तुझी पाळी,’ आणि खेळ पुढे चालतो. समुपदेशनाच्या खोलीत जे वातावरण तयार करायला आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो, ते येथे आपोआप तयार झालेले असते.

पुरुषांच्या कॅरमबद्दल मला एक दृश्य नोंदवावेसे वाटते. अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेले एक निवृत्त मास्तर डाव्या हाताने स्ट्रायकर मारायला शिकले आहेत. त्यांचा नेम चुकतो, सोंगटी भलतीकडे जाते, तरी समोरचा त्यांना सवलत देत नाही. सवलत दिली असती तर ते दुसऱ्या दिवशी आले नसते, असे त्यांच्या जोडीदाराने मला सांगितले आणि मला ते पटले. म्हाताऱ्या माणसाला मुद्दाम जिंकू देणे हा त्याचा अपमान असतो.

गुरुवारी संध्याकाळी संगीत ऐकण्याचा कार्यक्रम असतो. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांची निर्गुणी भजने, जुनी नाट्यपदे, कधी धारवाडकडच्या गायकांचे ख्याल अशी ध्वनिमुद्रणे लावली जातात. मात्र तासाभराच्या संगीतानंतर जो अर्धा तास गप्पांचा असतो, तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ते गाणे प्रथम कोठे ऐकले, सोबत कोण होते, त्या वर्षी घरात काय चालले होते, असे एकेक जण सांगतो. एका काकूंनी नाटकाला जाण्यासाठी वडिलांच्या परवानगीची किती वाट पाहिली होती ते इतके बारकाईने सांगितले, की त्यांच्या सुनेनेही ते प्रथमच ऐकले. म्हातारी माणसे जुनेच उगाळत बसतात अशी तक्रार आपण करतो. परंतु अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ सालीच असे मांडले होते की उतारवयातले हे मागे वळून पाहणे बुद्धी घसरल्याचे लक्षण नाही, तर जगलेल्या आयुष्याचा हिशेब जुळवण्याची ती स्वाभाविक प्रक्रिया आहे. त्यासाठी ऐकणारा मात्र लागतो. घरात कोणाला वेळ नसतो आणि तीच गोष्ट पुन्हा ऐकायची तयारीही नसते. येथे समोरच्याकडे वेळ असतो आणि त्याला त्याच काळातली स्वतःची गोष्ट सांगायची असते.

भजनाचा दिवस मंगळवार. आपल्या सीमाभागात शेजार दोन्ही भाषांचा असतो आणि केंद्रातही तसाच आहे. तुकोबांचा अभंग झाला की कानडी घरातल्या एखाद्या अज्जी पुरंदरदासांचे पद धरतात आणि टाळ दोन्हींना तोच असतो. ज्या मराठी माणसांचे शिक्षण मराठी शाळेत झाले त्यांतील अनेकांना कन्नड बोलता येते पण वाचता येत नाही. त्यामुळे सरकारी कागद आला, निवृत्तिवेतनाची नोटीस आली, की हीच अज्जी ती वाचून समजावून देतात. उतारवयात एखादा कागद कळला नाही म्हणून येणारी भीती फार मोठी असते, आणि ती शेजारच्या खुर्चीतल्या माणसाकडून दूर होणे ही मी केंद्राची मोठी सेवा समजते, जरी ती कोणत्याही वेळापत्रकात लिहिलेली नाही.

स्त्रियांची संख्या येथे पुरुषांच्या बरोबरीने आहे, हे विशेष सांगण्याजोगे आहे. पुरुषांना आपल्या गावात कट्टा असतो, देवळाचा पार असतो, सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली फेरी मारून बसण्याची जागा असते. बायकांना हळदीकुंकू आणि लग्नकार्य सोडले तर नुसते बसण्यासाठी बाहेर पडण्याची मुभा आणि सवय दोन्ही कमी. ११ जून २०२३ पासून कर्नाटकातील रहिवासी महिलांना राज्याच्या साध्या सरकारी बसने मोफत प्रवास सुरू झाला, त्याचा येथे उघड फायदा दिसतो. वडगाव, मजगाव, येळ्ळूर येथून काकू-मावश्या शून्य रकमेचे तिकीट घेऊन येतात आणि कोणाकडे दहा रुपयेही मागावे लागत नाहीत. मात्र सीमेचा पेच येथेही आहे. लेकीकडे राहायला आलेल्या एका मावशींच्या आधार कार्डावर महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातला पत्ता आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्या असल्याने सीमेवरच्या शिनोळीच्या पलीकडे महाराष्ट्राच्या एसटीत त्यांना तिकीट लागत नाही आणि अलीकडे, जेथे त्या रोज राहतात, तेथे लागते. संघाने त्यांच्यासाठी एका सभासदाच्या रिक्षाची सोय केली आहे. ही माणुसकी झाली, पण दोन्ही सरकारांनी अशा वृद्धांचा विचार करायला हवा.

आता उणिवा. सर्वांत मोठी उणीव इमारतीची आहे. रस्त्यापासून ओसरीपर्यंत चार उंच पायऱ्या आहेत आणि त्यांना कठडा नाही. मागचे शौचालय खाली बसण्याचे आहे आणि भिंतीला धरायला दांडीही नाही. यामुळे ज्यांना केंद्राची सर्वाधिक गरज आहे, म्हणजे गुडघे गेलेले, तोल जाणारे, घराबाहेर पडण्याची धास्ती घेतलेले वृद्ध, तेच बाहेर राहतात. काही बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत, म्हणजे तेथे जावे लागणार नाही. हे आरोग्याला घातक आहे. एक लोखंडी कठडा, एक उतार, एक कमोड आणि दोन दांड्या यांसाठी लागणारी रक्कम गणेशोत्सवाच्या वर्गणीतल्या लहानशा वाट्याने उभी राहील, आणि गल्लीतल्या मंडळांनी ती आपणहून द्यावी असे मला मनापासून वाटते.

दुसरी उणीव व्याख्यानांची. दर शनिवारी मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखी यांपैकी एखाद्या विषयावर भाषण ठेवतात. ध्वनिक्षेपकाचा आवाज कौलारू छताखाली घुमतो, श्रवणयंत्र लावलेल्यांना त्यात शब्द कळत नाहीत आणि अर्ध्या तासात माना खाली जातात. ज्या केंद्राने इतर सर्व बाबतींत सभासदांना कर्ते केले आहे, त्याने शनिवारीच त्यांना नुसते श्रोते का करावे, हे मला समजत नाही. त्याऐवजी ध्वनिक्षेपक बंद ठेवून, लहान गटांत प्रश्नोत्तरे ठेवली किंवा तोल सांभाळण्याचे व्यायाम करून घेतले तर अधिक उपयोग होईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद यांवर भर देणारा व्यायाम करावा असे सांगितले आहे.

पावसाळ्याचाही विचार झालेला नाही. बेळगावचा पाऊस एकदा लागला की जूनअखेरीपासून उपस्थिती निम्म्यावर येते, ओल्या पायऱ्यांची भीती वाटते आणि घरात कोंडलेली माणसे खचू लागतात. या काळात हजेरीवहीचा उपयोग होतो हे खरे. सलग दोन दिवस कोणी आले नाही की चिठ्ठी टाकल्यासारखा एका सभासदावर फोन करण्याचा भार येतो, आणि तो टाळला जात नाही. तरी फोन आणि सहवास यांत अंतर आहे. पावसाळ्यापुरती जवळच्या चार-पाच घरांच्या ओसरीवर गटागटाने बैठक भरवता येईल, असे मी पदाधिकाऱ्यांना सुचवले आहे.

एका गोष्टीविषयी मात्र मी अधिक आग्रही आहे. करमणूक म्हणजे औषध नव्हे, हे केंद्राने आणि घरच्यांनीही समजून घेतले पाहिजे. २०१७-१८ मध्ये झालेल्या भारतातील वृद्धत्वाच्या दीर्घकालीन अभ्यासाच्या पहिल्या फेरीत, साठीपुढच्या सुमारे ८.३ टक्के व्यक्तींमध्ये नैराश्याच्या आजाराची शक्यता दर्शवणारी लक्षणे आढळली, पण डॉक्टरांनी निदान केल्याचे सांगणारे एक टक्काही नव्हते. म्हणजे बहुतेकांचे दुखणे कोणी ओळखलेलेच नाही. वृद्धांमधील नैराश्य तपासण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावलीत, आधीची कामे आणि आवडी तुम्ही सोडून दिल्या आहेत का, असा प्रश्न अगदी सुरुवातीलाच येतो. भजनाला नेमाने येणारी व्यक्ती टाळ खाली ठेवून कोपऱ्यात बसू लागली, जेवण तुटले, पहाटे दोनलाच जाग येऊ लागली, तर तिला ‘थोडे मिसळत जा’ असे सांगणे पुरेसे नाही. तिला डॉक्टरांकडे नेले पाहिजे. केंद्रात अशा वेळी काय करावे याची काहीच पद्धत नव्हती. मी विनंती केल्यावर मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी टेली-मानस दूरध्वनी सेवेचा १४४१६ आणि ज्येष्ठांसाठीच्या राष्ट्रीय मदतवाहिनीचा १४५६७ हे दोन क्रमांक मोठ्या अक्षरांत मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत लिहून दाराजवळ लावले गेले. दोन्ही सेवा मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञांशी नियमित संपर्क ठेवण्याची व्यवस्थाही व्हायला हवी.

हे सर्व पाहता खर्च आणि लाभ यांचा मेळ कसा बसतो, असे कोणी विचारील. २०२३ साली ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात १६ देशांतील ६५ वर्षांवरील ९३ हजारांहून अधिक व्यक्तींच्या माहितीवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. छंद असलेल्या व्यक्तींमध्ये नैराश्याची लक्षणे कमी आणि समाधान अधिक, असे त्यात बहुतेक देशांत दिसले. त्या देशांत भारत नव्हता, आणि छंदामुळेच समाधान आले की समाधानी माणसे छंद जोपासतात, याचा निर्विवाद निकाल अशा अभ्यासातून लागत नाही. म्हणून मी कोणालाही खात्री देणार नाही. आमच्या आत्यांपुरते एवढे निश्चित सांगता येते की त्या पुन्हा जेवणात चव सांगू लागल्या आहेत, रात्री उद्याच्या वाचनासाठी चष्म्याची काच फडक्याने पुसून ठेवतात, आणि कधी ताप आला तर डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारतात तो परवा केंद्रात जाता येईल का, हा.

पायऱ्या चढता येणाऱ्या, ऐकू येणाऱ्या आणि थोडेफार बोलक्या माणसासाठी मी या केंद्राची मोकळ्या मनाने शिफारस करते. अबोल माणसाला, विशेषतः नुकतीच पत्नी गेलेल्या पुरुषाला, येथे रुळायला वेळ लागतो. असे दोघे जण काही दिवस आले आणि मग यायचे थांबले, आणि त्यांना परत आणण्यासाठी संघाने अधिक चिकाटी दाखवायला हवी होती. प्रवेशासाठी आधार कार्डाची प्रत आणि घरच्या एका व्यक्तीचा फोन क्रमांक एवढेच लागते. पहिल्या दिवशी घरच्यांपैकी कोणीतरी सोबत यावे, पण आत बसून राहू नये, कारण मुलगा किंवा सून शेजारी असेपर्यंत ज्येष्ठांना बोलते करायला इतर सभासद संकोचतात. शक्यतो मंगळवारी आणावे. भजनात न गाताही बसता येते, टाळ हातात घेतला तरी चालतो, आणि तासाभराने चहाच्या वेळी काम कोणते घेणार हे विचारायला कोणीतरी शेजारी येऊन बसतेच.